पुलाखालची सावली

औषधांच्या दुकानापुढच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे दोघे बोलत होते. एक पुलावरच्या दिव्यांचा वायरमन, दुसरे त्याच्या ओळखीचे काका, रात्री पुलाखाली चिंचोळ्या कयाक होडीतून मासे पकडणारे.

"काका, उद्यापासून पुलावरचे निम्मे दिवे बंद. वरून हुकूम आहे."

"निम्मे? वाटोळं केलंस की माझं."

"माशांना उजेड कशाला? पेपर वाचतात?"

"उजेडावर किडे येतात, किड्यांवर बारकी मासळी. मोठा मासा सावलीच्या कडेला दबा धरून बसतो. मी गळ उजेडात टाकतो आणि वाहत सावलीत जाऊ देतो."

"आणि कयाक उलटली तर?"

"उलटते की. तुझ्या काकूला सांगू नकोस."

"बरं, कोणते दिवे घालवायचे ते माझ्यावर सोडलंय. तुमचा कोणता ते सांगा, तेवढा ठेवतो."

काकांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं.

"ती जागा मी सख्ख्या भावालाही सांगितलेली नाही रे."

"मग राहू दे. अंदाजानं बंद करतो."

"थांब. कान इकडे कर."

शिंपीणबाईंना माशांशी काही घेणंदेणं नव्हतं. तरी त्या अर्धं पाऊल पुढे सरकल्या, आणि त्यांच्यामागून सगळी रांग.