शेवंताबाईंचं वजन

मंडळी, ऐका! आज एक अडचणीचा प्रश्न आणलाय. माणसानं कडक असावं की मऊ? बोला! पुढचे बाबा म्हणतात, कडक! शेजारच्या आजी हसल्या — म्हणजे त्या घरात कडक कोण, ते आम्हाला कळलं! असो. या प्रश्नाचं उत्तर दिलं एका मोटारीनं. नाकं मुरडू नका! रथाची गोष्ट चालते, मग मोटारीनं काय घोडं मारलंय?

तर रुकडी गावचा धैर्यशील मगदूम. शिरोलीच्या फौंड्रीत इंजिनियर. त्याची गाडी चार दारांची, दिसायला गरीब, पण एकदा सुटली की वारा! रोज कामाला जायची तीच. आणि मागच्या सीटवर रोज त्याची आई, शेवंताबाई. शिरोलीत तिची खानावळ. घरून आमटीचं पातेलं मांडीशी धरून निघायची — डाळीची आमटी बरं का, टाळकऱ्यांनी भलती आशा धरू नये! मायलेकरांचं दिवसाचं बोलणं त्या अर्ध्या तासात. संध्याकाळी ती दमलेली, हा मोबाईलमध्ये.

एक दिवस मित्र म्हणाला, "धैर्या, टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जातात की! ही मोटार का बैलगाडी?"

झालं! यानं बोटं घालून बघितली. चार! रविवारी उठला, झगमगीत दुकानात गेला आणि आखूड, कडक स्प्रिंगा बसवून आला. गाडी खाली बसली. दोनच बोटं! रिकाम्या गाडीत, गुळगुळीत हायवेवर चक्कर मारली. काय रुबाब!

सोमवारी आई बसली. पहिला गतिरोधक आला — गाडी उडाली. परत उडाली. तिसऱ्यांदा उडाली! कारण साधं. स्प्रिंग भार पेलते, आणि तिची उडी आवरतो शॉकअप. स्प्रिंगा नव्या, तापट. शॉकअप जुने, मवाळ. कोण कुणाला आवरणार? आमटी शेवंताबाईंच्या लुगड्यावर!

"धैर्या, गाडी चालवतोस का पाळणा हलवतोस?"

तो परत दुकानात. नवे शॉकअप घेतले, कमी-जास्त कडक करता येणारे. यानं पिळलं ते शेवटपर्यंत! उडी थांबली. पण आता रस्त्यावरचा एकेक खडा पाठीत.

"काल पाळणा होता, आज पाटा झाला बघ. आणि डाळ माझी वाटली जातीय!"

"होईल सवय, आई."

होईल सवय! ज्याला त्रास नसतो ना मंडळी, तोच दुसऱ्याला सवय लावत असतो!

तिसऱ्या दिवशी शेवंताबाई उतरल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या. पाठ सरळच होईना. त्याच्या पुढच्या दिवसापासून त्या आणि पातेलं रिक्षात.

"तुझी गाडी चांगली आहे रे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही, एवढंच."

रागावल्या असत्या तर बरं होतं! आठ दिवस मागची सीट रिकामी. 'जेवलास का' नाही, 'हळू चालव' नाही. नवव्या दिवशी धैर्यशील उद्यमनगरात बाबालाल मुजावरांकडे गेला. सारे त्यांना चाचा म्हणत. चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस.

"चाचा, एकदम मऊ करून टाका."

"मग पहिल्याच खड्ड्यात बूड आपटंल. भार किती?"

यानं घडाघडा सांगितलं — गाडी तेराशे दहा किलो, टायर इतके, रिम इतकी...

"गाडीचं कोण पुसलंय तुला? आत कोण बसतंय?"

"आई."

"वजन?"

गाडीचं सगळं पाठ, आईचं वजन इंजिनियरला ठाऊक नाही!

"घेऊन ये जा. मी अंदाजानं स्प्रिंग देत न्हाई."

धैर्यशील खानावळीत. कोपऱ्यात कांद्याचा काटा.

"आई, जरा काट्यावर उभी राहा."

"का? विकायला काढलीस?" जेवणारे हसले. पण चपला काढून उभ्या राहिल्या. एक्केचाळीस किलो.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला.

"सकाळी कांदे बरोबर मोजले त्यानं!"

त्यानं पुन्हा बघितलं. एक्केचाळीसच. धान्याची पोती एकटी सरकवणारी ही बाई, इतकी कधी झडली? रोज आरशात मागं बघत होताच की! बघत होता मंडळी, मागून येणाऱ्या गाड्या बघत होता. आई मधेच होती.

भरलं पातेलं एकोणीस किलो. आकडे घेऊन तो चाचांकडे गेला. चाचांनी मधल्या ताकदीच्या स्प्रिंगा काढल्या, त्यांना झेपतील असे शॉकअप जोडले, पीळ निम्म्यावर ठेवला. मडगार्डात साडेतीन बोटं! मित्र हसला. हसू दे!

"आई, एकदाच बस. पातेलं भरून."

बसल्या, दाराची कडी घट्ट धरून. गतिरोधक आला. गाडी दबली, उठली, थांबली. एकदाच! झाकणसुद्धा हललं नाही. शेवंताबाईंनी कडी सोडली. दोन मैल गेल्यावर म्हणाल्या, "शर्टाचं बटण तुटलंय. असाच जाणार होतास?" आणि जे सुरू झाल्या! पुढं मोकळा रस्ता होता, तरी धैर्यशीलनं गाडी हळू केली.

आता सांगा, कडक की मऊ? भार ठाऊक नसेल तर दोन्ही फुकट! कडक बाप पोराची पाठ मोडतो, मऊ बाप पहिल्याच खड्ड्यात आपटतो. तुम्ही कुणाला घेऊन चाललाय? त्यांच्यात किती बळ उरलंय, बघितलंय कधी? आज घरी जाऊन बघा. पण बायकोला एकदम काट्यावर उभं करू नका! मार तुम्ही खाल, आणि नाव माझं सांगाल.