दिवेवाला की पिनवाला?

“हॅलो?… कोन?… अवं रूपाली! बोल वं बाई, सकाळपासून तुह्या फोनची वाट पाहून राह्यली मी… नाई नाई, बोल तू. सांबाराच्या जुड्या बांधून राह्यली. हात चिखलाचे आहेत, म्हनून फोन खांद्यात दाबला. आवाज येते ना?”

उज्वलाबाईंनी मान वाकडी केली आणि कोथिंबिरीची पुढची जुडी उचलली. पलीकडे नागपूरहून नणंदेची लेक बोलत होती. या पोरीच्या घरी गाणी मिसळायचं डीजेचं यंत्र आहे, ही गोष्ट सगळ्या पवनारात सध्या एकट्या उज्वलाबाईंना महत्त्वाची वाटत होती. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या सासूबाई, आनंदाबाई, वांगी निवडत बसल्या होत्या. काही ऐकतच नाही, अशा चेहऱ्यानं.

“हाव, तू धाडलेले दोन्ही यंत्राचे फोटो पाह्यले… मले तो दिवेवाला आवडला. लाल, निळे, हिरवे… अवं ऐक ना! घरीच लावाचं आहे, आपल्या अंगनात. भुलाबाईच्या दिवसात पोट्ट्या गाने म्हनाले याव्या म्हनून… नाई व, लग्नाच्या ऑर्डरी कायले घेईन मी? तुह्या मामाले तेच सांगू सांगू थकली. ते म्हनते, डीजे आनतं म्हनजे दारात ट्रक उभा करतं काय, भिंतीएवढे भोंगे लावून? म्हटलं अहो, दोन पोळपाट जोडले तं तेवढंसं यंत्र आहे!…

“काय?… त्यातून आवाजच नाई निघत?… अरे बाप्पा! मंग घ्याचं कायले?… अच्छा… अच्छा. गानं लॅपटॉपात, आवाज स्पीकरातून, अन् हे मधात बसून नुसतं हाकते. गाडीवानासारखं… हाव, समजलं ना. माह्या रजतचा जुना लॅपटॉप पडला आहे घरी, स्पीकर मंडळाचा मागून आनू… गाने फिरवाची चाकं दोनच पुरे म्हनतं? चारवाला नको?… नाई, खरं आहे, मले कायले लागते चार! एकावर ढोलकी अन् एकावर तुही आजी.”

वांगी निवडणारे हात थांबले. उज्वलाबाई चटकन उठल्या आणि गोठ्याच्या आडोशाला गेल्या.

“थांब, हळू बोलते… आजीचंच तं आहे सारं. तुह्या आईनं नाई सांगितलं तुले?… मागच्या वर्षी गानं म्हनता म्हनता अडकली ना ती. दुसरं कडवंच आठवेना. अन् तानबाभाऊची पौर्णिमा मागून मोठ्यानं सांगते, ‘आजी, पुढं असं आहे!’ साऱ्या पोट्ट्या हसल्या… नाई व, वाईट नाई त्या, पोट्ट्या तं कायलेबी हसते. पन आजी उठली, टिपऱ्या खाली ठेवल्या अन् घरात गेली. खिरापतीचा डबा तसाच राह्यला. आत काय आहे ते ओळखाले म्हनून कोनी हलवलासुद्धा नाई… हाव ना. आता म्हनते, औंदा भुलाबाई मांडूच नको. ह्या पोट्ट्यांच्या आयांले गाने शिकवले तिनं, अन् म्हनते मांडू नको! टिपऱ्या माळ्यावर नेऊन टाकल्या…

“म्हनून तं मी हे काढलं. तू तिचे गाने भरून नेलते ना मोबाइलात? तेच लावू मोठ्यानं. तिले अडकाचं काम नाई, दिवे लागतीन, पोट्ट्या नाचतीन… हॅलो? हॅलो?… गेली काय?… काय म्हनतं? आजीले कसं वाटन?…

“…हं.

“…हाव व. खरं आहे. आजी समोर बसली अन् तिचं गानं डब्ब्यातून. जसं काही… नाई, बोलू नको तसं. मी असा इचारच नाई केला.”

गाय हुंगत जवळ आली, तिच्या तोंडासमोरून उज्वलाबाईंनी जुडी मागे ओढली.

“मंग करू काय?… कायची पिन?… दिवेवाल्याले हेडफोनची पिन लावाले जागा नाई, काळ्याले आहे. असू दे ना, मले हेडफोन कायले पाह्यजे?… डीजेले पुढचं गानं आंधी कानात ऐकू येते? अन् लोकाईले?… लोकाईले नाई जात ऐकू? बाहेर एक वाजून राह्यलं अन् कानात दुसरंच?… थांब. थांब थांब. पुन्हा सांग बरं.”

जुडी हातातून निसटली. गाईनं ती लगेच तोंडात धरली, आणि उज्वलाबाईंचं तिकडे लक्षही गेलं नाही.

“म्हनजे अंगनात ढोलकी… अन् आजीच्या कानात आजीच! अडकाच्या आंधीच पुढची ओळ. सांगनारी पौर्णिमा नाई, मी नाई, तिचाच आवाज… अवं पोरी! तुले काय म्हनू मी!… नाई, पन लावन काय ती कानाले? चष्मा लाव म्हटलं तं दोन दिवस जेवली नाई माह्या हातचं… ऐक. ते काकडीचं गानं आहे ना तुह्यापाशी? ज्यात ती अडकली ते?… आहे? लाव मंग. लॅपटॉपात लाव नाई तं कुठंबी लाव, फक्त मोठ्यानं लाव. मी फोन तिच्या कानाले देते… काही नाई सांगत तिले. तू बोलजो नको मधात!”

उज्वलाबाई ओसरीवर आल्या. “आत्याबाई, रूपालीचा फोन आहे.”

आनंदाबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन कानाशी गच्च धरला. “बोल व,” म्हणाल्या, आणि ऐकू लागल्या. कपाळाला आठ्या पडल्या. सुनेकडे एक नजर गेली, ती बरी नव्हती. उज्वलाबाई खाली बसून घाईघाईनं जुड्या मोजल्यासारखं करू लागल्या.

मग सुपाच्या काठावर एक वांगं हळूहळू आपटू लागलं.

“भुलाबाई गेली मळ्याले वं मळ्याले,
काकडी लागली वेलाले वं वेलाले…”

आधी पुटपुटणं, फोनच्या अर्धं पाऊल मागून. मग बरोबरीनं. ती अडायची जागा आली तेव्हा आनंदाबाईंनी मान फोनकडे जरा कलती केली, डोळे मिटले, आणि दुसरं कडवं असं उचललं की कुंपणावरचे पोपट उडाले.

“रूपाली!” उज्वलाबाई सासूच्या कानाच्या दिशेनं ओरडल्या. “पिनवालाच घे वं! दिवे राहू दे! दिवाळीचे आहेत माह्याकडे! ऐकून राह्यली काय? पिनवा—”

आनंदाबाईंचा गाल कुठल्याशा बटणावर दाबला गेला आणि फोन कटला. त्या आणखी दोन शब्द म्हणाल्या आणि थांबल्या. फोनकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“काऊन तोडलं वं तिनं? आत्ता तं लागलं होतं कडवं.”

त्यांनी फोन पुढे केला.

“लाव पुन्हा. अन् माळ्यावरून टिपऱ्या काढ. वांग्यानं ताल येत नाई.”