दोन काठ, एक पत्ता

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या नव्या मेयर मादाम रुसाक, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्रांतसाहेब मस्यू देस्त्राक, आणि पेर्गूज व शांतरून या दोन्ही गावांहून आलेल्या बंधुभगिनींनो,

साहेबांची पॅरिसला बढतीवर बदली झाली. त्यांच्या कार्याचा गौरव करायला मला, सोलांज वेर्नाद हिला, पेर्गूजची शेवटची मेयर म्हणून उभं केलं आहे. शेवटची, कारण साहेबांनी आमचं गावच पुसून टाकलं.

क्रांतीनंतर ज्यांनी हा तालुका आखला, ते निदान घोड्यावर बसून इथे फिरले होते. मध्ये दरी दिसली, म्हणून त्यांनी दोन गावं वेगळी ठेवली. साहेबांनी काय पाहिलं? नकाशा! मी म्हणाले, "साहेब, मध्ये दरी आहे, पूल नाही." तर हसून म्हणतात, "मादाम, नकाशावर तर दोघं एकमेकांच्या कुशीत आहेत!" दोन्ही गावं एक करून नाव ठेवलं उंचझरे. हसू नका. इथे झरा कुणी पाहिलाय?

गेल्या फेब्रुवारीत आमचा सुतार फिर्मँ लाकडं फोडता फोडता छाती धरून खाली बसला. त्याच्या बायकोने, लेओंतीनने, फोन केला, "उंचझरे, चर्चचा रस्ता, लवकर या!" आता चर्चचा रस्ता दोन्ही गावांत आहे. एकाचं तरी नाव बदला, म्हणून मी साहेबांच्या कचेरीत किती खेटे घातले! रुग्णवाहिका शांतरूनला गेली.

मी लेओंतीनच्या अंगणातच होते. समोरच्या काठावर गाडी दिसत होती हो! लेओंतीन टेबलावरचं कापड हलवत ओरडत होती, "अहो, इकडे! इकडे!" पलीकडून ड्रायव्हरही हात हलवत होता. बर्फातून, दरीच्या टोकाच्या धरणाला वळसा घालून ते पोचले, तोवर मी फिर्मँचे डोळे मिटले होते.

साहेब दफनाला आले. लेओंतीनचा हात हातात घेऊन काय म्हणाले असतील?

"पत्ता नीट सांगायला हवा होता, मादाम."

मला राग नाही आला. किळस आली. समोर मेजवानीचं भाजलेलं बदक वाढलंय, ते मी बाजूला सारलंय.

मादाम रुसाक, खुणा करू नका, मी आवरतेच आहे. साहेबांच्या कोटावर पदक माझ्या हस्ते लावायचं ठरलंय. ते मी इथे टेबलावर ठेवते. त्यांनी स्वतः उचलून घ्यावं. त्या कोटाला माझा हात लागणार नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर आपण सर्वांनी सांभाळून घ्यावं. साहेब, तुम्ही मात्र मला क्षमा करू नका. तुमची क्षमा मला नको आहे.