लीलाआत्यानं नळाचं ताजं पाणी भरलं

मुलांनो, जरा माझ्याजवळ येऊन बसा. असं समजा, की मे महिना आहे, सकाळचे नऊ वाजून गेलेत आणि तुम्ही अकोल्यात माझ्या घरी आहात. मी शफीक सर. शाळेत विज्ञान शिकवायचो, आता घरी मासे पाळतो. होळीच्या सुमारास मी अमरावतीच्या आचलला नऊ मासे दिले. ते सिक्लिड जातीचे, मूळचे आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या मोठ्या सरोवरातले. त्यातल्या पिवळ्या मादीचं नाव आचलनं हळदी ठेवलं. आचल आता सहावीत जाईल. तिचे बाबा, श्याम, माझेच विद्यार्थी.

फोन वाजतोय. पलीकडचं तुम्हाला ऐकू येणार नाही, फक्त माझं येईल. आचल काय म्हणत असेल, ते तुमचं तुम्ही मनात ऐका.

हॅलो? … हॅलो, कोण? … आचल? अगं, रडून राहिली का तू? … थांब, थांब. आधी एक श्वास घे. … हां. आता सांग.

सगळे वर आले? पाण्याच्या अगदी काठाशी? … तोंडं उघडझाप करून राहिले. … हळदीपण? …

बरं. मले एक सांग, टँकचं पाणी कोणी बदललं? … तू नाही. मग? … लीलाआत्यानं? दर्यापूरची आत्या, काल आली ती? … किती काढलं? … सगळं? दगड उघडे पडेपर्यंत? … आन् भरलं कशानं? … नळाले पाइप लावून. थेट.

या अल्ला. … नाही, नाही, तुले काही नाही म्हटलं बेटा.

हो, समजलं मले. आज नळ आला. नळ आला की घरातलं शिळं पाणी काढायचं, ताजं भरायचं. माठ, पिंप, सगळं. आमच्याकडे परवीनचाची तेच करते. आत्याले वाटलं, काचेचा टँक म्हणजे तसंच एक पिंप. … हो, पाणी पिवळसर दिसत असेल. … अगं ऐक ना, आत्याचं मग सांग. टँकवर नाक ने आन् वास घे. … दवाखान्यासारखा? … तेच ते. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असते. आपल्याले काही होत नाही, पण माशाचे कल्ले नाजूक. ते जळून राहिले आत्ता.

मी निळ्या झाकणाची बाटली दिली होती, त्या औषधाचा उतारा… संपली? कधी? … बाबा आणणार होते. बाबा कुठं? … नांदगाव पेठले, कंपनीत. फोन गेटवर जमा. आई? … पाचपर्यंत नाही. दुकान उघडलं असेल? … अकराले.

अकरापर्यंत थांबता येत नाही, आचल. पण आपण आहोत ना दोघं. तू माझे हात आन् मी तुझे डोळे… नाही, उलटं, डोळेपण तुझेच. मी फक्त सांगतो. चालेल? … शाबास.

पहिलं काम. टँकमधून काढलेलं जुनं पाणी कुठं आहे? … सांडलं नसेल. दर्यापूरची बाई पाणी सांडत नसते. विचार तिले. … बोलणार नाही म्हणजे? … आचल, भांडण संध्याकाळी कर, पोटभर कर. आता विचार.

… हां. बाकीचं झाडांले घातलं, आन् बाथरूममध्ये दोन बादल्या ठेवल्या, फरशी पुसायले. वा! … मग आत्या आता काय करून राहिली? … पुसायलेच बसली? … फिनाईल! आचल, पळ, फिनाईल टाकलं का पाहा! पळ!

हॅलो? … हॅलो? … परवीन, नाश्ता राहू दे. श्यामच्या पोरीचे मासे मरून राहिले. … हॅलो?

एका बादलीत टाकलं. … आन् दुसरी? … नक्की? वास घेतला? … आत्याच्या हातात झाकण होतं आन् तू बादली ओढली! ओला झाला फ्रॉक तर होऊ दे. ती बादली सोन्याची आहे आता. टँकजवळ आण.

दुसरं काम. हवेचं मशीन चालू आहे का? … आत्यानं बंद केलं. लाईट जळते म्हणून. … बरं, बरं. आधी हात कोरडे कर. फ्रॉकले नको, टॉवेल घे. मग नळीच्या टोकाचा दगड टँकमधून काढ आन् बादलीत सोड. आता बटण दाब. … बुडबुडे आले? … आले. झालं, बादली श्वास घेऊन राहिली.

आता मासे. … नाही! जाळी नाही. जाळी ठेव खाली. हळदीच्या तोंडात काय आहे, विसरली का? … किती दिवस झाले आज? कॅलेंडरवर खुणा करत होती ना तू? … अठरा. अठरा दिवस पिल्लं तोंडात घेऊन फिरून राहिली, एक दाणा खाल्ला नाही तिनं. जाळीत घाबरली तर सगळी थुंकून देईन. पातेलं घे. स्टीलचं, मोठं. … भाजीचं चालेल, साबणाचं नको. साध्या पाण्यानं खळबळ.

तर पातेलं आडवं बुडव, हळू. तिच्या मागं जाऊ नको, पातेलं तिच्या खाली ने. जशी आई झोपलेल्या बाळाखाली हात घालते. … हो, मी गप्प बसतो.

…

आली? … तिचं कल्ल्याचं झाकण चालू आहे? … भरभर. चालेल. आता उचल, पाण्यासकट… काय? काय पडलं? … एक पिल्लू बाहेर आलं? पातेल्यातच? … किती मोठं? … ज्वारीच्या दाण्याएवढं, शेपटीवालं. पोहून राहिलं का? … मग हलू नको. पातेलं आहे तसंच धर. हात दुखला तरी धर. तिले पाहू दे त्याच्याकडे.

… मी आहे इथं. …

… … काय? … घेतलं? तोंडात घेतलं परत? … वा रे माय! … रडू नको ना आता, आता काहून रडते? … मीपण नाही रडून राहिलो, सर्दी आहे मले.

बादलीत सोड तिले. ओतू नको, पातेलं पाण्यात बुडव, ती स्वतः निघेन. … निघाली. खाली गेली? … छान. आता बाकीचे, तसेच. … दोन दोन आले तरी चालते. … भांडणार नाहीत. तुले सांगितलं होतं ना, म्हणून मी दोनतीन नाही, नऊ दिले. जागा मोठी आन् मासे कमी, तर एक जण मालक होऊन बसतो आन् बाकीच्यांले मारतो. गर्दीत कोणाले मारावं हेच त्याले समजत नाही. … हो, तुझ्या शाळेच्या रिक्षासारखं.

मोज आता. … तीन. … पाच. … हां, दोन्ही निळ्या. सात. … आठ. … नववा? … नवाब नाही दिसत? दगडांमागे पाहा. मडक्याचा तुकडा ठेवला आहे ना आपण, त्याच्या आत पाहा. … आहे? … कसा आहे? … आडवा.

कल्ले हालून राहिले? … नीट पाहा. … नाही.

पातेल्यात घे त्याले, बादलीतल्या बुडबुड्यांसमोर धर. तोंड बुडबुड्यांकडे. हळूच पुढं, मागं नको, फक्त पुढं. … अजून. … अजून धर. मी मोजतो. …

… आचल. … बेटा. राहू दे आता. … हो. गेला तो.

… रड. आता रड थोडं, चालते. … हो, माहीत आहे मले. दर आठवड्याले फोन करत होती, सर, याले परत घेऊन जा, हा सगळ्यांले मारते. … आवडत होता ना तरी? … माझ्याकडे होता तेव्हा माझ्या बोटाले चावला होता. …

ऐक. आठ आहेत बादलीत. एका बादलीत आठ फार वेळ राहू शकत नाहीत. आन् हळदीच्या तोंडात किती आहेत, ते आपल्याले माहीत नाही. रडणं आन् काम, दोन्ही एकत्र येते का तुले? … येते. मले माहीत होतं.

टँकसाठी पाणी लागते. औषध नसलेलं. … पिंपातलं तर सगळं बदललं असेल. … माठपण. … कूलरचं? डोकं चालून राहिलं तुझं. पण थांब, आईनं त्यात डासांसाठी काही टाकलं का? … तेल. मग नको, ते हातपण लावू नको.

गल्लीत हापशी आहे ना तुमच्या? देवळासमोर? … चालू आहे? … हो, खारं आहे, म्हणूनच विचारून राहिलो. तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही ना? भांड्यांवर पांढरं येते ना? … तेच पाहिजे आपल्याले! त्यात औषध नाही, आन् हे मासे ज्या सरोवरातले, तिथलं पाणी असंच जड. मी यांना गोड पाण्यात मुद्दाम मूठभर चुनखडीचे खडे टाकायले सांगतो, पाणी जड व्हावं म्हणून.

पण तुले हापशीचा दांडा एकटीनं हालेल का? … नाही ना. मग? … आत्या कुठं आहे? … दाराशी. काय करून राहिली? … पदर तोंडाले लावून उभी.

फोन दे तिले. … दे बेटा. मी सांगतो ना. …

हॅलो, लीलाताई? नमस्कार, मी शफीक सर बोलतो, श्यामचा मास्तर. … हो. … हो ताई. … अहो, तुमाले काय माहीत असणार? … नाही, ऐका ना. तुमच्या तिकडे घरचं पाणी खारं. गोड पाणी दूरून येते, पाव्हण्याले प्यायले ठेवता तुमी. … हो, तेच म्हणतो. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं तुमी त्यांना. … तिले नाही समजलं, मले समजलं. आन् तिलेपण समजन. … अहो, हे मासे तुमच्या गावचे निघाले ताई, खाऱ्या पाण्याचे! … हां, हसा थोडं.

आता हापशी मारायची आहे. आठदहा बादल्या. जमते? … तुमाले काय विचारून राहिलो मी! पहिली बादली सोडून द्या, लोखंडाचा गंज येते. आन् टँकचं नळाचं पाणी सगळं काढा. … सांडू नका, फरशीले घ्या. … हो. द्या आचलले.

… आचल? आत्या बादली उतरवून राहिली का? … गेलीपण! पाहा, तुझ्यापेक्षा चपळ.

घाईनं ऐक. हापशीचं पाणी टँकमध्ये उंचावरून ओत, धार करून. जमिनीखालच्या पाण्यात हवा कमी असते, ओतताना ती मिसळते. मग मशीन लाव, अर्धा तास चालू दे. त्यानंतर बादलीतल्या माशांले त्यातलं एक एक पेला पाणी देत जा. एकदम नाही. बुडव बोट, दोन्हीकडे सारखं गार लागलं पाहिजे. मग सोड. हळदीले सगळ्यात शेवटी. लाईट लावू नको. खायले देऊ नको आज. …

आन् स्पंज! मशीनचा काळा स्पंज, आत्यानं… दोरीवर वाळत टाकला? पिळून! … पळ, काढ, बादलीत टाक. ओला आहे का? … अर्धा. अर्धा तर अर्धा. त्यात चांगले जंतू राहतात, माशांची घाण खाणारे. उद्यापासून रोज थोडं थोडं पाणी बदलावं लागेन, महिनाभर. … नाही, नळाचं ताजं नाही. हापशीचं, नाहीतर आठवडाभर उघडं ठेवलेलं, शिळं. शिळं पाणीच त्यांचं… हॅलो? … कोणता आवाज? … बॅटरी? किती? … एक टक्का. चार्जर लाव ना… बाबा घेऊन गेले? … आचल, हळदीकडे एकदा पाहून सांग, तिचा गळा अजून फुगलेला… हॅलो? … हॅलो, आचल?

… कटला.

मुलांनो, मग मी दिवसभर इथंच बसलो. दुपारचं जेवणही या खुर्चीतच झालं. साडेपाचला श्यामनं एक फोटो पाठवला आणि खाली घडलेलं सगळं लिहिलं. बारा बादल्या लागल्या. आठही मासे टँकमध्ये होते, आणि हळदी मडक्याच्या तुकड्याखाली, गळा तसाच भरलेला. नवाबला त्यांनी हापशीजवळच्या कडुलिंबाखाली पुरलं.

पण फोटो टँकचा नव्हता. तो ओसरीतल्या निळ्या पिंपाचा होता, हापशीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेल्या. मासे सोडून झाल्यावर आचलनं शाळेच्या दप्तरातून खडू शोधून काढला आणि पिंपावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे पाणी शिळं आहे. हळदीचं आहे. नळ आला तरी सांडू नये.

तिनं एकदा वाचून पाहिलं. आणि मग, सकाळपासून जिच्याशी ती फक्त कामापुरतं बोलली होती, त्या आत्याच्या हातात खडू दिला, खाली सही करायला.