सुटे सूर

कोमल : रोज शिरढोणवरनं पनवेलला येऊन बाबानं तीन दिवस तुमच्या स्टुडिओत क्लॅरोनेट वाजवला. आन् तुमच्याकडं त्याचं एक गाणं नाय? असं कसं होईल, देवेशदादा?

देवेश : गाण्यासाठी बोलावलंच नव्हतं गं काशिरामकाकांना. एकेक सूर घेतला. हळू, मध्यम, जोरात. ते सूर कम्प्युटरमध्ये भरले, की कुणीही कीबोर्डवर बोटं ठेवून क्लॅरोनेट वाजवू शकतं.

कोमल : म्हंजे बाबा गेला तरी त्याचा क्लॅरोनेट कुणीपण वाजवणार.

देवेश : हो. वाजवतायत.

कोमल : मग मलाही द्या. उद्या माझी हळद हाय. तीस वर्षं गावातल्या सगळ्यांच्या हळदीला तो वाजला. पोटच्या पोरीच्या हळदीला नाय वाजला तर आई मांडवात पाय ठेवणार नाय.

देवेश : कुणाच्या मोबाईलवर व्हिडिओ असतील की.

कोमल : ढीगभर हायत. सगळ्यांत ढोलच ऐकू येतो. बाबाचे फुगलेले गाल तेवढे दिसतात.

देवेश : बस. तुझा फोन आल्यापासून मी त्यांच्याच सुरांतून हळदीचं एक गाणं जुळवलंय. ऐक.

(तो गाणं लावतो. ती शेवटपर्यंत ऐकते.)

कोमल : हा बाबा नाय.

देवेश : एकूण एक सूर त्यांचा आहे, कोमल. दुसऱ्या कुणाचा नाही.

कोमल : आवाज त्याचाच हाय. पण एवढी लांब ओळ त्यानं एका दमात कधी वाजवली? दिवसभर कळंबोलीला लोखंड कापायचा, त्या धुरानं छाती गेलेली. ओळीच्या मधेच दम घ्यायचा, मग पुढचा सूर खालून ओढत वर आणायचा. आईला लांबनं कळायचं, हा आपला माणूस.

देवेश : ते मी कापलं. दम घेतल्याचा आवाज, सूर ओढायची सवय, सगळं. गिऱ्हाइकाला साफ सूर लागतो. काकांनाही सारखा टोकत होतो, सरळ वाजवा म्हणून.

कोमल : कापलेलं द्या मग.

देवेश : पुसून टाकलं. फार जागा खातं ते.

कोमल : बाबा होता तेवढाच नेमका पुसलात.

देवेश : दोन महिन्यांत ते जातील असं वाटलं नव्हतं मला. खरंच नव्हतं वाटलं.

कोमल : एक तरी गाणं वाजवलंच असेल त्यानं. आमच्या बँडवाल्यांत सुटे सूर वाजवून क्लॅरोनेट पेटीत ठेवत नायत. अपशकुन मानतात. बाबा घरी नुसती फुंकायच्या तोंडाची पट्टी बदलून बघायचा, तरी एक गाणं पुरं करूनच उठायचा.

(देवेश कम्प्युटर बंद करायला लागतो.)

कोमल : दादा, वाजवलं का नाय?

देवेश : वाजवलं. शेवटच्या दिवशी. म्हणाले, दोन मिनिटं द्या, असं ठेवता येत नाही आम्हाला. मी म्हटलं, वाजवा. माईक तोवर बंद केले होते.

कोमल : पुरं वाजवलं?

देवेश : पुरंच असणार. दोन मिनिटं म्हणाले, पण दहा तरी झाली असतील.

कोमल : मग कुठलं गाणं होतं तेवढं सांगा. उद्या बँडवाल्यांना तेच वाजवायला लावते. आईला सांगीन, बाबानं शेवटी हेच वाजवलेलं.

देवेश : कोमल, मी स्टुडिओचं दार लावून बाहेर फोनवर बोलत होतो.