ताईचा पडदा उघडेना

हॅलो?… हो, मीच… ताई, माझ्या घरी माझ्याशिवाय फोन कोण उचलणार? काय झालं?… संगणक अडलाय? म्हणजे पंखा फिरतो, आणि पुढे?… काळा पडदा. कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकतेय… किती वेळ?… अर्धा तास! अगं, मग आधी नाही का फोन करायचा?

…हो, ते मीच सांगितलं होतं. काल 'अद्ययावत करू का' असं त्याने विचारलं आणि मी म्हटलं, 'हो' दाब. म्हणजे चूक माझीच… नाही गं, उगाच नाही म्हणत. दुकानातल्या माणसाला बोलवायचं का?… संध्याकाळी येतो म्हणाला? आणि छापखान्यात पानं कधी हवीत?… चारला. आत्ता तीन वाजायला दहा कमी.

वाचायची किती राहिलीत?… चाळीसच्या चाळीस वाचून झालीत, नुसती पाठवायची. मग काय… काय म्हणाले छापखानेवाले? मागच्या पुस्तकात चुका राहिल्या, आता विश्रांती घ्या? तोंडावर म्हणाले?… आणि ही परिचारिकांची पुस्तिका वेळेत गेली नाही तर पुढची मुद्रितं तपासायला दुसऱ्याकडे. बरं. बरं… अगं ऐक ना, माझ्या वहीत एक उपाय आहे… पुस्तकातूनच उतरवलेला, हो. पोहायलाही मी पुस्तकातूनच शिकलो होतो, आठवतंय मला. केसांना धरून तूच बाहेर काढलंस. आज दुसरा काही उपाय आहे का तुझ्याकडे?… मग कागद घे.

बटण दाबून धर, पूर्ण बंद होऊ दे. परत सुरू केलास की लगेच डाव्या कोपऱ्यातलं एस्केप दाब, एकदाच. यादी येईल. तिथे ई दाब आणि मला येऊन सांग… फोनची तार तिथपर्यंत पोचत नाही, माहीत आहे. जा. मी आहे.

…चपला… खुर्ची ओढली… एस्केप की शिफ्ट? वहीत दोन्ही लिहून ठेवलंय मी. पुढे प्रश्नचिन्हसुद्धा. काय माणूस आहे मी…

हं, बोल! आली?… नुसती इंग्रजी अक्षरं? छान, तेच हवं. घाबरू नकोस. मीही घाबरलेलो नाही… आवाज असाच आहे माझा. आता 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोध, तिच्या अगदी शेवटी जा, थोडी जागा सोड आणि लिही: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सलग… अर्थ? अगं, पडद्यावर चित्र काढणारं एक कार्ड असतं आत. त्याच्याशी बोलणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तो कालपासून मधेच गप्प होतोय आणि सगळे त्याच्यासाठी खोळंबलेत. आपण सांगतोय, आज त्याच्यावाचून चालू द्या… हो, अगदी माझ्यासारखाच तो. मग कंट्रोल आणि एक्स एकदम. जा, जा.

…तीन वाजून पाच…

आलीस? काय?… सुरू झाला? खरंच सुरू झाला?… नाही, हसत नाहीये, खोकला आला. आणि आता काय बिघडलं?… अक्षरं मोठी झालीत. केवढी?… पेरभर! हो, दुभाष्या नाही ना, म्हणून पडदा साधाच चालतोय. बेढब दिसत असेल. उद्या येऊन पूर्वीसारखं बारीक करून देतो… नको? का नको?

…काय? चूक दिसली?

कितव्या पानावर?… सातव्या. तान्ह्या बाळाचं औषध. शून्य आणि पाच… मधे दशांशाचं टिंबच नाही? म्हणजे दहापट औषध! पण ते पान चारदा वाचलं होतंस ना तू?… वाटलं, आहे. हं.

कधीपासून दिसत नव्हतं?… दोन वर्षं! आणि मी दर महिन्याला विचारायचो, अक्षर ठीक आहे ना, तर तू 'छान आहे'… माझं मन मोडेल म्हणून? अगं, एका नजरेत जास्त मजकूर मावावा म्हणून ठेवलं होतं मी ते. मलाही वाचता यायचं नाही. तू छान म्हणायचीस, म्हणून वाटलं, माझेच डोळे गेले.

…सगळी? पहिल्या पानापासून?… चाळीस पानं तासाभरात होतील?… काम गेलं तर गेलं, म्हणतेस… नाही, बरोबर आहे तुझं. तू वाचायला बस. छापखान्यात मी फोन करतो… मीच. सहापर्यंतचा वेळ मागतो… हो, अनोळखी माणसाशी. आधी कागदावर लिहून घेईन. नंबर सांग… हं… हं… घेतला. आणि संगणक बंद करू नकोस, तो शब्द या खेपेपुरताच आहे. उद्या येऊन कायमचा घालतो… नाही गं, तुझ्या अक्षराला हात लावत नाही.

थांब, एवढं ऐक. 'नमस्कार. मी त्यांचा धाकटा भाऊ बोलतोय. पुस्तिकेत एक गंभीर चूक सापडली आहे, आणि ती ताईनेच शोधली आहे.' असं सुरू करू ना?… की 'ताईने' नको, 'आमच्या भगिनींनी'?… ताई?…

ठेवला.

…'ताईने'च म्हणतो.