चोर ओटी

सासूला सगळं सांगून टाकावं, हे म्हणणं सोपं आहे गं. माझं ऐक.

मुलगी पोटातच गेली, त्यानंतर डॉक्टरांनी मला डिप्रेशनची गोळी दिली. घरात मी ती व्हिटॅमिनची म्हणून घ्यायची. पुढं माझी पाळी थांबली, अन् धुवायला टाकलेल्या ब्लाउजवर आईंना, म्हणजे सासूबाईंना, दुधाचे डाग दिसले.

झालं! नारळ, तांदूळ, खण घेऊन त्यांनी मला देवासमोर बसवलं. म्हणाल्या, "चोर ओटी गुपचूपच भरतात. इथं आपल्या खमरियात कोणाला कळू द्यायचं नाही, नजर लागते."

प्रेग्नन्सीची टेस्ट निगेटिव्ह आली होती, हे मला माहीत होतं. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी मुकाट्यानं पदर पसरला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाले, "प्रोलॅक्टिन बढ़ा हुआ है, दूध उसी से आ रहा है. इस दवा से कभी-कभी होता है. बदल देंगे, अपने मन से बंद मत करना."

घरी येऊन मी आईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"काहून लपवलं? मी तर समजून राहिली होती, तू सावरली."

"गोळीनंच सावरले, आई."

त्या ओटीचे तांदूळ घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, डब्यात परत ओततील. त्यांनी ते शिजवले, माझ्यापुढे वाढले अन् म्हणाल्या, "खा. पोरीच्या वेळची ओटी भरायची राहूनच गेली होती."